कॅरम बिलियर्डचे टेबल : पारख आणि खरेदी

बिलियर्ड हे नाव ऐकताच आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा हिरव्या कापडाचे, सहा भोकांचे, बारा फूट लांबीचे टेबल उभे राहते. इंग्रजी अमदानीत लष्करी मेस आणि जिमखाने यांच्याद्वारे हा खेळ येथे आला व रुजला. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळविले, तेही याच इंग्रजी पद्धतीच्या खेळात. परंतु फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, स्पेन, तुर्कस्तान, कोरिया, व्हिएतनाम, मेक्सिको, कोलंबिया इत्यादी देशांत बिलियर्ड म्हटले की लोकांना वेगळेच टेबल आठवते. त्याला एकही भोक नसते. त्यावर अवघे तीन गोळे असतात : एक पांढरा, एक पिवळा आणि एक तांबडा. खेळाडूने आपल्या गोळ्यास काठीने टोला द्यावयाचा आणि त्या गोळ्याने उरलेल्या दोन्ही गोळ्यांना स्पर्श करावयाचा, की एक गुण झाला. या दुहेरी स्पर्शालाच कॅरम म्हणतात. आपल्या घरोघरी खेळल्या जाणाऱ्या सोंगट्यांच्या कॅरमशी या खेळाची गल्लत करू नये.

या खेळाचा सर्वांत अवघड प्रकार ‘तीन काठांचा’ होय. त्यात दुसऱ्या गोळ्याला लागण्यापूर्वी खेळाडूच्या गोळ्याने टेबलाच्या काठांवर निदान तीनदा आपटावे लागते. म्हणजे गोळा कित्येक मीटर प्रवास करतो, तीन वेळा दिशा बदलतो आणि शेवटी सव्वासहा सेंटिमीटरांहूनही लहान अशा लक्ष्याला जाऊन भिडतो. जो खेळ इतक्या अचूकपणाची अपेक्षा करतो, त्याचे टेबल म्हणजे निव्वळ सामान नव्हे. ते एक मापनयंत्रच असते.

टेबल चुकले तर काय बिघडते?

खोटा तराजू वापरणारा दुकानदार गिऱ्हाइकाला फसवितो. खोटे टेबल खेळाडूला त्याहून वाईट रीतीने फसविते. कारण चूक टेबलाची असताना दोष आपल्या हाताचा आहे असे तो समजतो. गोळा डावीकडे झुकतो म्हणून शिकाऊ खेळाडू नेम उजवीकडे धरू लागतो. काही महिन्यांत ही सवय अंगात मुरते आणि पुढे चांगल्या टेबलावर गेल्यावर त्याचा प्रत्येक फटका चुकू लागतो. शिवाय असे टेबल बहुधा एखादी संस्था सभासदांच्या वर्गणीतून विकत घेते. अर्ध्या टनाचा दगड एकदा खोलीत बसविला, की तो परत पाठविणे हे जवळजवळ अशक्यच. म्हणून पारख करावयाची ती पैसे देण्यापूर्वी करावी. सुदैवाने या पारखीला लागणारे ज्ञान शालेय पदार्थविज्ञान आणि भूमिती यांच्या पलीकडचे नाही.

या खेळाशी विज्ञानाचे नाते जुने आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्पार कोरिओलिस याने १८३५ साली बिलियर्डच्या खेळातील गतींचे गणिती विवेचन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. फिरत्या पृथ्वीवर वारे वळतात त्या परिणामाला ज्याचे नाव दिले जाते, तोच हा कोरिओलिस.

मापे

सामन्यांसाठी मान्य असलेल्या टेबलाचे खेळाचे क्षेत्र २.८४ मीटर लांब आणि १.४२ मीटर रुंद असते. लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असते, हे यातील महत्त्वाचे सूत्र. लांब बाजूचे आठ आणि आखूड बाजूचे चार समान भाग पाडून चौकटीवर खुणा जडविलेल्या असतात. दोन्ही बाजूंवर दोन खुणांमधील अंतर ३५.५ सेंटिमीटरच भरते. या खुणांवरून खेळाडू गोळ्याच्या मार्गाचा हिशेब करतो. एखादी खूण सरकलेली असेल, तर त्याचा सारा हिशेबच सरकतो.

हौशी मंडळींसाठी लहान टेबलेही मिळतात. बेल्जियममधील उपाहारगृहांतून २.१० मीटर लांबीची, हॉलंडमध्ये २.३० मीटर लांबीची आणि कोरियात २.५४ मीटर लांबीची टेबले पुष्कळ दिसतात. आकार कोणताही असो, दोनास एक हे प्रमाण मात्र कायम असले पाहिजे.

टेबल खरोखर काटकोनी आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. पायथागोरसच्या प्रमेयानुसार २.८४ आणि १.४२ या बाजूंचा कर्ण सुमारे ३.१७५ मीटर येतो. काठाच्या टोकापासून समोरच्या कोपऱ्यातील काठाच्या टोकापर्यंत फीत ताणून ही लांबी घ्यावी. दोन कर्णांत काही मिलिमीटरांचा फरक दिसला, तर चौकट तिरकी बसली आहे असे समजावे. ही परीक्षा करावयास दोन माणसे आणि पाच मिनिटे पुरतात.

दगडाची निवड

पूर्वी टेबलाचा पृष्ठभाग लाकडाचा असे. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि कालांतराने वाकते. लंडनचा टेबल-कारागीर जॉन थर्स्टन याने १८२६ च्या सुमारास लाकडाऐवजी पाटीचा दगड वापरण्यास आरंभ केला आणि तेव्हापासून चांगल्या टेबलाला दुसरा पृष्ठभाग चालेनासा झाला. शाळकरी मुले ज्या पाटीवर अक्षरे गिरवीत, त्याच जातीचा हा खडक. बारीक चिखलाचे थर पृथ्वीच्या पोटात प्रचंड दाबाखाली व उष्णतेखाली दबून तो बनतो. त्याचे कण अतिशय सूक्ष्म असतात, तो पाणी फारच थोडे शोषतो, आणि घासून त्याला आरशासारखा सपाट करता येतो. इटलीच्या लिगुरिया प्रांतातील खाणींचा दगड या कामासाठी विशेष नावाजलेला आहे.

सामन्याच्या टेबलावरील दगड निदान ४५ मिलिमीटर जाड असावा लागतो. खेळाच्या क्षेत्राखालच्या दगडाचेच वजन काढून पाहावे : २.८४ गुणिले १.४२ गुणिले ०.०४५ म्हणजे सुमारे ०.१८ घनमीटर. दगडाची घनता पाण्याच्या पावणेतीन पट धरली तर हे वजन जवळजवळ ५०० किलोग्रॅम होते. एवढे जड ओझे हा दोष नसून गुण आहे. जड दगड कंप पावत नाही आणि खेळाडू टेबलावर रेलला तरी हलत नाही. मात्र ते सोसण्यासाठी खालची चौकट भक्कम हवी. लोखंडी चौकट असल्यास उत्तम. लाकडी असल्यास लाकूड पुरते मुरलेले असावे. कापडाखाली दगडाऐवजी भुशाची दाबलेली फळी किंवा दुसरे कृत्रिम साहित्य असेल, तर ते टेबल स्वस्त मिळेल; परंतु गंभीर सरावासाठी ते घेऊ नये.

एवढा दगड बहुधा तीन तुकड्यांत येतो. या तुकड्यांचे सांधे जुळविणे हे कसबी कारागिराचे काम. कापड चढविण्यापूर्वी खरेदीदाराने स्वतः उपस्थित राहून सांध्यांवरून बोटाचे नख फिरवून पाहावे. नख कोठेही अडखळता कामा नये. त्यानंतर पोलादी सरळपट्टी सांध्यावर आडवी ठेवून पलीकडून दिव्याचा प्रकाश टाकावा. पट्टीखालून प्रकाशाची रेघ दिसली, की तेथे खळगा आहे.

समतलता

टेबल डोळ्यांना सपाट दिसणे पुरेसे नाही. समजा, एक मीटर अंतरात ते केवळ एक मिलिमीटरने कलले आहे. या उतारावर घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याला उताराच्या दिशेने दर सेकंदाला सुमारे ७ मिलिमीटर प्रतिसेकंद एवढा वेग मिळत जातो. टेबलाच्या लांबीच्या दिशेने हळू सोडलेला गोळा पाच सेकंदांत थांबत असेल, तर कापडाचे घर्षण हिशेबात धरूनही तेवढ्या अवधीत तो बाजूला चार सेंटिमीटरांहून अधिक सरकतो. गोळ्याचा व्यास सुमारे ६१ मिलिमीटर; म्हणजे नजरेला न जाणवणाऱ्या कलामुळे गोळा आपल्या निम्म्या अंगाहून जास्त चळतो.

यासाठी सुताराची साधी पाणसळ अपुरी पडते. यंत्रशाळेत वापरतात ती सूक्ष्म पाणसळ घेऊन दगडाच्या मध्यभागी, चारही कोपऱ्यांत आणि प्रत्येक सांध्यावर, लांबीत व रुंदीत अशा दोन्ही दिशांनी तपासणी करावी. टेबल बसविल्यानंतर दगड आणि चौकट आपल्या वजनाने थोडी दबतात, म्हणून काही आठवड्यांनी ही तपासणी पुन्हा करून घेण्याची अट विक्रेत्याकडून आधीच मान्य करून घ्यावी.

पाणसळ जवळ नसल्यास गोळाच साक्षीदार होऊ शकतो. एका रेषेवरून गोळा हळू सोडावा. मग त्याच रेषेवरून उलट दिशेने सोडावा. दोन्ही वेळा तो टेबलाच्या एकाच बाजूकडे वळला, तर दोष उताराचा आहे. गोळ्याचा वेगवेगळा भाग वर ठेवून सोडल्यावर तो कधी इकडे, कधी तिकडे वळू लागला, तर दोष गोळ्याचा आहे. त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून ढळलेला आहे असे समजावे.

रबरी काठ

टेबलाचा प्राण त्याच्या काठांत असतो. सुरुवातीला काठांना लोकरीच्या किंवा कापडाच्या पट्ट्या भरीत, आणि गोळा त्यांवर मरगळून परत येई. थर्स्टनने १८३५ साली रबर वापरून पाहिले. उसळी उत्तम आली, परंतु हिवाळा येताच कच्चे रबर दगडासारखे कडक होई आणि खेळापूर्वी काठांजवळ गरम पाण्याची भांडी ठेवून ते मऊ करावे लागे. चार्ल्स गुडइयर याने गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची व्हल्कनीकरणाची रीत शोधली आणि १८४४ साली तिचे पेटंट घेतले. त्यानंतर असे रबर काठांसाठी वापरात आले व थंडीची अडचण दूर झाली.

काठाची उंची हा सर्वांत सूक्ष्म मुद्दा होय. दगडावरील कापडापासून काठाची धार सुमारे ३७ मिलिमीटर उंच असते, म्हणजे गोळ्याच्या व्यासाच्या सहादशांश. ती मध्यबिंदूच्या किंचित वर का ठेवतात? घरंगळत येणारा गोळा नुसता पुढे सरकत नसतो, तो स्वतःभोवती फिरतही असतो. काठाचा धक्का मध्यबिंदूच्या वर बसला तर ही फिरत काही अंशी उलटविली जाते आणि गोळा परतताना लवकर सुरळीत घरंगळू लागतो. धार फार खाली असेल तर वेगवान गोळा उडी मारतो. फार वर असेल तर तो कापडात दाबला जाऊन ऊर्जा गमावतो. म्हणून चारही काठांची उंची प्रत्येक खुणेजवळ मोजावी. एका मिलिमीटरहून अधिक फरक खपवून घेऊ नये.

उसळी तपासताना हाताच्या टोल्यावर विसंबू नये, कारण दोन टोले कधी सारखे नसतात. एक लाकडी पन्हळ तिरकी उभी करावी आणि तिच्यावरील ठराविक खुणेपासून गोळा सोडावा. उंची तीच असल्याने गोळ्याचा वेगही प्रत्येक वेळी तोच राहतो. पन्हळ काठाला काटकोनात धरून प्रत्येक खुणेसमोर हा प्रयोग करावा व परतलेला गोळा कोठे थांबला ते खडूने टिपावे. सर्व ठिकाणी हे अंतर जवळजवळ सारखे आले पाहिजे. एखाद्या जागी गोळा लवकर थांबला, तर तेथे रबर लाकडापासून सुटलेले किंवा वाळून कडक झालेले असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ खरेदीदार टेबल ‘वेगवान’ आहे का, एवढेच विचारतात. वेग हवाच, परंतु सारखेपणा त्याहून महत्त्वाचा. वेग कमी असला तर खेळाडू चार दिवसांत त्याला सरावतो. जो काठ एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरे सांगतो, त्याला सरावणे कोणालाच शक्य नाही.

कापड, आर्द्रता आणि उष्णता

इंग्रजी टेबलाच्या कापडावर मखमलीसारखी लव असते. कॅरमच्या टेबलावर लव नसलेले, घट्ट पिळाच्या सुताचे वर्स्टेड कापड लागते. बेल्जियममधील व्हेर्व्हिये हे शहर लोकरी कापडासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध असून, तेथील सिमोनिस ही पेढी १६८० सालापासूनचा वारसा सांगते. कापड ढोलाच्या कातड्यासारखे ताणलेले असावे. हाताने ढकलल्यावर त्याला सुरकुती पडू नये. नवे कापड काही दिवस निसरडे असते व गोळे त्यावर अधिक घसरतात, म्हणून पहिल्याच दिवशी टेबलाविषयी निकाल देऊ नये.

लोकर हवेतील बाष्प मोठ्या प्रमाणात शोषते. हाताला ओलसर न लागताही ती आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प धरून ठेवू शकते. दमट कापडावर गोळा जड चालतो आणि त्याच्या परतण्याचे कोन बदलतात. या अडचणीवर युरोपीय कारागिरांनी शोधलेला उपाय सोपा आहे : दगडाखाली विजेची तापक तार बसवून टेबल खोलीच्या हवेपेक्षा सुमारे पाच अंश सेल्सिअसने गरम ठेवावयाचे. खोलीचे तापमान २५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर तीच हवा ३० अंशांपर्यंत तापल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांवर येते. बाष्प तेवढेच राहते. पण ते धरून ठेवण्याची हवेची शक्ती वाढते.

मुंबई, कोकण, गोवा अशा दमट किनारपट्टीवर टेबल घ्यावयाचे असेल, तर ही तापनव्यवस्था चैन नसून गरज आहे. ती घेताना तापमान आपोआप राखणारे नियंत्रक आहे काय, तारेला भूसंपर्क दिला आहे काय आणि संपूर्ण दगड सारखा तापतो काय, हे पाहावे. तासाभरानंतर निरनिराळ्या जागी तापमापक ठेवून ही गोष्ट तपासता येते. दगड सावकाश तापतो, त्यामुळे खेळापूर्वी बराच वेळ आधी प्रवाह सुरू करावा लागतो. विजेच्या खर्चाचा अंदाज खरेदीपूर्वीच बांधावा.

गोळ्यांची कहाणी

टेबलाबरोबर गोळेही पारखून घ्यावेत. एकेकाळी ते हस्तिदंताचे असत. सुळ्याच्या नेमक्या मध्यातूनच चांगला गोळा निघे. म्हणून या खेळासाठी असंख्य हत्तींचा बळी गेला. टंचाई इतकी वाढली की अमेरिकेतील एका बिलियर्ड व्यापारी पेढीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरांचे बक्षीस जाहीर केले. त्या खटपटीत जॉन वेस्ली हायट याने १८६९ च्या सुमारास सेल्युलॉइडचा वापर केला आणि प्लॅस्टिकच्या युगाची चाहूल लागली. पुढे लिओ बेकलँड याने १९०७ साली फिनॉलपासून बेकेलाइट बनविले. आजचे उत्तम गोळे त्याच कुळातील फिनॉलिक रेझीनचे असतात.

गोळ्याचा व्यास ६१ ते ६१.५ मिलिमीटर आणि वजन २०५ ते २२० ग्रॅम असावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिन्ही गोळे एकमेकांच्या तोडीचे असावेत. सोनाराच्या काट्यावर ही परीक्षा सहज होते.

खोली आणि जमीन

क्यू म्हणजे टोल्याची काठी सुमारे १.४ मीटर लांब असते. काठाजवळच्या गोळ्याला टोला देताना ती भिंतीला अडू नये, यासाठी टेबलाच्या चारही बाजूंना निदान दीड मीटर मोकळी जागा लागते. म्हणजे सामन्याच्या टेबलाला सुमारे ६ मीटर लांब व साडेचार मीटर रुंद खोली हवी. खोली त्याहून लहान असेल तर मोठे टेबल कोंबण्यापेक्षा लहान टेबल घेणे शहाणपणाचे. दगड, चौकट आणि खेळाडू यांचा एकत्रित भार लक्षात घेता तळमजला उत्तम. वरच्या मजल्यावर टेबल न्यावयाचे असल्यास स्थापत्य अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. दिवे सावली न पाडणारे आणि खेळाच्या पृष्ठभागापासून निदान एक मीटर उंच असावेत.

जुने टेबल घ्यावे काय?

अवश्य घ्यावे, परंतु डोळस राहून. दगडाला वय नसते. नीट हाताळलेला शंभर वर्षांपूर्वीचा दगड आजही निर्दोष असू शकतो. रबराला मात्र वय असते : हवेतील प्राणवायूने ते हळूहळू कडक व ठिसूळ होते. नखाने दाबून सोडल्यावर रबर चटकन पूर्ववत झाले नाही, तर नव्या काठांचा खर्च किमतीत धरावा. कापडही बहुधा बदलावेच लागते. दगड उतरविणे, वाहून नेणे, पुन्हा जुळविणे आणि समतल करणे यांची मजुरी कित्येकदा टेबलाच्या किमतीलाही मागे टाकते. वाहतुकीत दगडाची कोपरे फुटण्याचा संभव असतो, म्हणून तुकडे आडवे न रचता लाकडी खोक्यात उभे ठेवून न्यावेत.

कराराच्या वेळी

भारतात भोकांची टेबले बनविणारे कारागीर आहेत, पण कॅरमचे टेबल मागविण्याचा प्रसंग क्वचितच येतो. त्यामुळे खरेदीपत्रात केवळ ‘उत्तम प्रतीचे टेबल’ असे लिहून भागणार नाही. दगडाची जाडी, खेळाच्या क्षेत्राची लांबी-रुंदी, काठाची उंची, कापडाची जात, तापनव्यवस्था आणि जोडणी करणाऱ्या कारागिराची जबाबदारी या गोष्टी आकड्यांनिशी नमूद कराव्यात. रकमेचा काही भाग जोडणीनंतरच्या तपासणीपर्यंत राखून ठेवावा.

तपासणी झाल्यावर तिचे आकडे एका वहीत लिहावेत : दोन कर्ण, प्रत्येक खुणेजवळची काठाची उंची, पाणसळीचे वाचन, पन्हळीवरून सोडलेल्या गोळ्याचे परतीचे अंतर. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, तीच मापे त्याच रीतीने पुन्हा घ्यावीत आणि जुन्या आकड्यांशेजारी मांडावीत. टेबल कोठे बिघडू लागले आहे, हे ती वही खेळाडूंच्या आधी सांगेल. आणि हे काम संस्थेतील शाळकरी सभासदांवर सोपविले, तर मापन म्हणजे काय याचा उत्तम पाठ त्यांना खेळता खेळता मिळेल.